पेव्हेन्सीच्या बोलक्या विटा

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर रोमनांच्या उतरत्या काळातले किल्ले आहेत. जुन्या सरकारी दप्तरात असे नऊ किल्ले एकाच अधिकाऱ्याच्या हवाली केलेले दिसतात. ते सॅक्सन चाच्यांना रोखायला बांधले, की बंडखोर कारौसियसने खुद्द रोमच्याच फौजेला रोखायला, यावर पंडितांची जुनी जुंपलेली आहे. तट मात्र मख्ख. दगडाला कितीही खोदून विचारा, तो तोंड उघडत नाही.

विटांचं तसं नव्हतं. ससेक्समधल्या पेव्हेन्सीच्या किल्ल्यातल्या म्हणून काही विटा चार्ल्स डॉसन या वकिलाने १९०७ साली लंडनच्या विद्वानांपुढे ठेवल्या. त्यांच्यावर छाप होता : 'होन ऑग आंद्रिआ'. होन म्हणजे सम्राट होनोरियस, ऑग ही त्याची पदवी आणि आंद्रिआ हे किल्ल्याचं जुनं नाव. मालक, गाव, काळ, सगळं जागच्या जागी. वीट कसली, सातबाराचा उताराच! साम्राज्य मोडकळीला आलं तरी इथली डागडुजी चालू होती, असं मग पुस्तकांतून छापलं गेलं. हवा तो पुरावा आयता दारात आल्यावर त्याला उलटतपासणीला कोण उभं करणार?

ती झाली १९७३ मध्ये. भाजलेली माती शेवटची कधी तापली, हे प्रयोगशाळेत कळतं. विटा निघाल्या डॉसनच्याच काळातल्या. पिल्टडाउनच्या 'आदिमानवा'ला ओरांगउटानचा जबडा बसवलेला निघाला, त्या प्रकरणातला डॉसन तो हाच. विटा त्यानेच भाजल्या असा कबुलीजबाब नाही. पण बोट दुसऱ्या कुणाकडे वळतही नाही.

खरी साक्ष दिली ती चिखलातल्या मुक्या लाकडांनी. या तटाखाली ओकचे खुंट ठोकून वर खडू आणि गारगोट्या भरल्या आहेत. १९९० च्या दशकात ते खुंट तपासले. खोडाची वर्तुळं मोजली तेव्हा झाडं इ. स. २८० ते ३०० च्या दरम्यान तोडल्याचं दिसलं. सोबत नाणी सापडली कारौसियसची आणि त्याचा खून करून गादीवर बसलेल्या अलेक्टसची. चाच्यांचा वाद त्याने मिटला नाही, पण निदान हा किल्ला तरी बंडखोरांच्या अमदानीतला, असं म्हणायला भक्कम आधार मिळाला.

या तटात आणखी एक बनावट काम आहे. १९४० मध्ये जर्मन उतरतील या धास्तीने लष्कराने तिथे मशिनगनचे मोर्चे बांधले आणि ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांना हुबेहूब रोमन भिंतीचं रूप दिलं. वकिलाची लबाडी लाजिरवाणी ठरली; लष्कराची मात्र युद्धानंतरही मुद्दाम जपून ठेवली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. पेव्हेन्सीला गेलात तर भिंतीत आडव्या अरुंद फटी शोधा. रोमनांकडे मशिनगन नव्हत्या, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.