गिटारची मान कोण धरणार?

फणा काढलेला नाग अलगद धरणारे हात बत्तीस शिराळ्यात पिढ्यान्‌पिढ्या होते. कोर्टाने जिवंत नागांची पूजा थांबवल्यावर ते हात मोकळेही झाले. पण माझ्या गिटारची वाकलेली मान धरायला एकही हात पुढे येईना.

मोबाईलवाला म्हणाला, "ठेवून जा, बघू." सुताराने थेट सरस काढला. या मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, ती किल्लीने जेमतेम पाव फेरा फिरवायची असते, हे सांगेपर्यंत त्याच्या हातात रंधा आला होता!

शेवटी मिरज गाठली. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता मानांकन सतारीचं, गिटार माझी. पण अडलेल्याने किती चिकित्सा करावी? कारागिराने गिटारचं चपटं पोट पाहून कीव केली. मग एक डोळा मिटून मान न्याहाळली, आणि मी निर्धास्त झालो. आधी डोळा मिटतो तो कारागीर. आधी हत्यार उचलतो तो नुसताच धाडसी.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळची एसटी धरा, आणि गिटार टपावर टाकू नका.