मागची फळी

नवीन पनवेलमध्ये मरीन प्लाय भरपूर आहे. होड्या नाहीत. कुठल्याही सेक्टरात जा, नवं इंटिरिअर झालेल्या घरातली बाई ट्रॉली उघडून अभिमानानं सांगते, “सगळं सातशे दहा आहे हो.” ७१० हा मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक. जन्माला यायचं जहाजासाठी आणि आयुष्य काढायचं सिंकखाली, कांद्याबटाट्यांच्या सहवासात, हे या प्लायचं आमच्याकडचं प्रारब्ध.

वास्तविक पनवेल हे होड्यांचं गाव. शिवाजी महाराज कल्याण, भिवंडी आणि पनवेल इथे लढाऊ जहाजं बांधतायत, अशी चिंता १६५९ च्या एका पोर्तुगीज पत्रात नोंदवलेली आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हासुद्धा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस आधी होडीनं पनवेलला उतरायचा, मग घाट चढायचा. पुढे आगगाडी आली, सिडको आली, आणि रुळांच्या पलीकडे आम्ही आलो. आम्हाला पाणी ठाऊक आहे ते टँकरचं.

अशा वस्तीत माझ्या मेव्हण्यानं होडी आणली. अलिबागकडच्या कुणा वॉटर स्पोर्ट्सवाल्यानं काढून टाकलेली, फायबरची, पंधरा फुटी, मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन. त्याच्या बिल्डिंगला पार्किंग नाही म्हणून ती ट्रेलरसकट आमच्याकडे आली. “दाजी, फक्त पावसाळ्यापर्यंत,” तो म्हणाला. कुठल्या, हे बोलला नाही.

सोसायटीच्या नियमावलीत होडी नव्हती. कमिटी बसली. होडी वाहन आहे का? वाहन असेल तर चाकं किती? ट्रेलरला दोन. ठराव झाला की ही दुचाकी आहे, दुचाकीचा दर लावावा. चार मोटरसायकली मावतील एवढी जागा अडवून उभी असलेली ही दुचाकी बघायला शेजारच्या सोसायटीतून लोक येत. वॉचमननं तिच्यात डबा ठेवायला सुरुवात केली.

तडा पहिल्यांदा त्याच्याच नजरेला पडला. होडीचा मागचा उभा, सपाट भाग, ज्यावर इंजिन टांगतात, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसासारख्या रेघा खाली उतरल्या होत्या. सबंध होडीत बेभरवशाचं राहून चालत नाही असं काही असेल तर ते हेच. पन्नासेक किलोचं इंजिन तिथे लटकतं आणि चालू झालं की सगळा रेटा त्या एका फळीतून होडीला मिळतो. ती निखळली तर इंजिन खाडीत आणि आपण इंजिनाशिवाय खाडीत.

सोसायटीचं एकमत होतं: एम-सील लावा. निवृत्त इंजिनिअर, योगशिक्षक, तिसऱ्या मजल्यावरचे होमिओपॅथ, कुणाचंही याबाबतीत दुमत नव्हतं. महाराष्ट्रात इतकी एकवाक्यता दुसऱ्या कुठल्या विषयावर मी पाहिलेली नाही.

मेव्हण्यानं मग पनवेल कोळीवाड्यातले एक वयस्क तांडेल आणले. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, मागच्या भागावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “फायबरला काय नाय झाला. आतली फली सरलीय.” निघताना त्यांनी वॉचमनच्या डब्यातली बोंबलाची चटणी चाखली आणि तिच्यातही दोष काढला.

आतली फळी ही काय भानगड, तर ती अशी. १९४२ च्या सुमाराला अमेरिकेत ओहायो राज्यात रे ग्रीन नावाच्या गृहस्थानं काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची छोटी होडी केली. तिथून पुढे जगभर जाहिरात झाली की फायबर कुजत नाही, गंजत नाही, वाळवी लागत नाही. खरंच आहे. पण नुसता फायबर लवतो, म्हणून जिथे ताकद हवी तिथे जुन्या होड्यांत आत प्लाय घालत आणि दोन्ही बाजूंनी फायबरनं मढवत. मग कुणीतरी इंजिन बसवायला बोल्टची भोकं पाडतो, पाणी काढायच्या बुचाचं भोक पाडतो, आणि ती नीट बंद करत नाही. तिथून पाणी शिरतं आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. प्लायचा भुगा होतो, इंजिनाच्या ओझ्याखाली फायबर एकटाच लवत राहतो आणि शेवटी तडकतो. गीतेत देह नाशवंत आणि आत्मा अमर. फायबरच्या होडीत नेमकं उलटं.

सडका भाग किती, हे ठोकून कळतं. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, कुजक्या जागी ‘ढब’. मला सगळीकडे एकच आवाज ऐकू येत होता. शेवटी बायको खाली आली. नारळ आणि कलिंगडं ती नेहमी वाजवूनच घेते. लाटण्यानं तिनं वरपासून खालपर्यंत ठोकलं, खडूनं सीमारेषा आखली आणि वर निघून गेली. पुढे कापल्यावर रेषेत बोटभरही फरक निघाला नाही.

कापायला पेणचा एक फायबरवाला आला. बाथरूमचे दरवाजे, मखरं, बागेतले जिराफ अशी त्याची कारकीर्द. होडी त्यानं केली नव्हती, पण जिराफाच्या पोटात तो राहून आलेला होता, त्यामुळे त्याला आत्मविश्वास होता. बाहेरची कातडी तशीच ठेवून त्यानं आतली कापून काढली आणि मला प्लाय आणायला पिटाळलं.

दुकानातल्या माणसाला मी म्हटलं, “सातशे दहा द्या, अठरा एमएम. बोटीसाठी.”

“मुलगा की मुलगी?”

“म्हणजे?”

“बेड ना? बोटीच्या आकाराचा? मुलींसाठी सध्या बग्गी चालते.”

खरी होडी म्हटल्यावर त्यानं आतून मालकांना बोलावलं. मालकांनी, हा प्लाय बहात्तर तास उकळला तरी सुटत नाही, हे नेहमीचं सांगितलं. ते खरंच आहे, मानकात ती चाचणी आहे. पण ती आहे गोंदाची. भोकातून शिरून बिऱ्हाड करणाऱ्या पाण्याची परीक्षा कुठला प्लाय किती दिवस देतो, हे आमच्या पार्किंगमध्ये एव्हाना उघडं पडलेलं होतं. काळा, आंबूस वासाचा लगदा. फायबरवाला तो उलथन्यानं खरवडून पोत्यात भरत होता. ते पोतं कचरागाडीनं नाकारलं. लाकूड म्हणून सुक्यात टाकलं तर ते ओलं, ओल्यात टाकावं तर त्यात काचेचे धागे. पोतं जिन्याखाली राहिलं.

काचेची धूळ अंगाला लागली की खाजतं, हे वाचून माहीत होतं. इतकं खाजतं हे नव्हतं. आधी अंगभर पावडर फासायची, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, तोंडाला मास्क बांधायचा आणि नंतर थंड पाण्यानं आंघोळ करायची, गरम अजिबात नाही.

फ्रिजच्या खोक्याचा साचा कापून प्लायचे दोन थर त्या मापाचे केले, एकमेकांना रेझिननं चिकटवले. रेझिनच्या कामात फायबरवाल्यानं पाळलेला एकच धर्म म्हणजे कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत घालायचं नाही, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं, तेही शंभराला एक-दोन एवढंच. मे महिन्यात तर हात आणखी आखडता. माझ्या मेव्हण्यानं दुपारी दोन वाजता हौसेनं थोडं जास्त घातलं. मगातलं रेझिन तापलं, धुरावलं आणि आमचा बाथरूमचा मग त्याच्याशी एकरूप झाला. वास जिन्यातून वर गेला तेव्हा अर्धी सोसायटी गॅस बंद करत होती आणि उरलेली खिडक्या लावत “तळोज्याचे कारखाने, तळोज्याचे कारखाने” म्हणत होती.

त्यानंतर काम पहाटे. फळी जागेवर बसवून शिकंजे आवळले, कडांना काचेच्या मॅटचे थर दिले, आतून पुन्हा सबंध मढवलं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र फायबरवाल्यानं जाता जाता केली: बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडली, घट्ट रेझिननं भरली आणि सुकल्यावर त्यातच बोल्टच्या मापाची नवी भोकं पाडली. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. एवढं मूळ मालकानं केलं असतं तर आमचा मग वाचला असता.

भरती बघून कोळीवाड्यातून होडी खाडीत उतरवली. फळी हलली नाही. मेव्हणा उभा राहून ओरडत होता, तांडेल बसून राहिले. त्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं आणि चेहऱ्यावरून पुढचा खर्च स्पष्ट दिसत होता. तो ऐकल्यावर मेव्हण्यानं होडी विकायला काढली.

गिऱ्हाईक आलं ते जाणकार होतं. त्यानं मागच्या भागावर बोटांनी टकटक केली, वाकून बघितलं आणि विचारलं, “ही फळी ओरिजिनल आहे?”

“नाही, नवीन बसवलीय,” मेव्हणा छाती काढून म्हणाला.

“मग पाच हजार कमी करा. ओरिजिनल ते ओरिजिनल.”

मेव्हण्याला काही सुचेना. बायको जिन्याखाली गेली, पोतं ओढत बाहेर आणलं आणि त्याच्या पायाशी ठेवून म्हणाली, “ओरिजिनलही आहे की. पूर्ण पैसे द्या आणि दोन्ही घेऊन जा.”