उभयपक्षी दक्षिणा

आमच्या गावी एक ग्रामजोशी होते. लग्नाचा मुहूर्त काढून दिल्याबद्दल वधूपक्षाकडून आणि वरपक्षाकडून अशी दुहेरी दक्षिणा घेण्याचा त्यांचा वंशपरंपरागत हक्क सर्वमान्य होता, आणि त्यात कोणाला वावगे वाटण्याचे कारणही नव्हते. कारण ती दोन घरे अखेर एक व्हायची होती. पण बांधाच्या तंट्यावरून दिवाणी कोर्टात उभे राहिलेले दोन भाऊबंद जेव्हा एकाच सकाळी, एक पुढच्या दाराने आणि दुसरा परसातून, तालुक्याला निघण्याची शुभ वेळ विचारायला आले, आणि बुवांनी दोघांनाही विजययोग सांगून दोघांचाही सव्वा सव्वा रुपया कनवटीला लावला, तेव्हा मात्र पारावर कुजबूज सुरू झाली. जाब विचारायला आलेल्या मंडळींना बुवांनी शांतपणे विचारले, ‘‘मी मुहूर्त देतो, निकाल देतो असे कधी म्हटले होते?’’ बुवा पुढे त्याच पडक्या ओसरीवर विपन्नावस्थेत वारले. त्यांच्या बुद्धीत काही न्यून नव्हते; चुकले ते जन्मस्थान. अमेरिकेत जन्मते तर त्यांची पेढी निघाली असती, देशोदेशी तिच्या शाखा असत्या, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांनी त्यांच्या ओसरीवर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांनी रांगा लावल्या असत्या.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. या विद्येचा इतिहास उपलब्ध आहे आणि तो बोधप्रद आहे. निवडणूक लढवून देणे हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, ही गोष्ट ज्यांनी प्रथम ओळखली ते क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर यांनी १९३३ साली कॅलिफोर्नियात आपली पेढी थाटली. व्हिटेकर हा बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा आणि वृत्तपत्रांत मुरलेला गृहस्थ. बॅक्स्टरबाई रेडिंग नावाच्या गावी व्यापारी मंडळाचे काम पाहणारी विधवा. (पुढे १९३८ साली दोघांनी लग्न केले, आणि पेढीचे अध्यक्षपद आलटून पालटून एकेक वर्ष वाटून घेण्याचा परिपाठ ठेवला. संसारात आणि धंद्यात इतका समभाव मी अन्यत्र पाहिलेला नाही.) त्यांची पहिली लढाई पाण्याची होती. राज्याच्या मध्य खोऱ्यातील पाणी आणि वीज यांसंबंधीची सरकारी योजना कायदेमंडळाने संमत केली असता ती उलथून पाडण्यासाठी ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ या बलाढ्य वीज कंपनीने सार्वमताचा घाट घातला, तेव्हा योजनेच्या बाजूने उभे राहून, अवघ्या ३९ हजार डॉलरांच्या शिबंदीवर, लहान लहान गावांची वृत्तपत्रे आणि नभोवाणी हाताशी धरून या दोघांनी कंपनीला सुमारे ३३ हजार मतांनी धूळ चारली. या ठिकाणी सामान्य बुद्धीचा लेखक ‘सत्याचा जय झाला’ असे लिहून लेखणी खाली ठेवील. कंपनीची बुद्धी सामान्य नव्हती. ज्या पहिलवानाने आपल्याला भर फडात चीतपट केले त्याच्यावर डूख धरण्याऐवजी तिने त्याला आपल्याच तालमीत खुराकावर ठेवले. म्हणजे त्या पेढीला कायमचे वर्षासन बांधून दिले. माझ्या मते या धंद्याची सारी गीता या पहिल्याच अध्यायात येऊन गेली आहे. पुढचे अध्याय हे केवळ भाष्य.

पण भाष्यही रसाळ आहे. १९३४ साली अप्टन सिंक्लेअर हे कादंबरीकार ‘कॅलिफोर्नियातील दारिद्र्य संपवा’ अशी घोषणा करून गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. बंद पडलेले कारखाने आणि पडीक जमिनी बेकारांच्या हाती द्याव्यात, ही त्यांची योजना कितपत तडीस गेली असती याविषयी मला स्वतःला शंका आहे. तथापि त्या शंकेचा विचार करण्याची वेळच मतदारांवर येऊ नये, एवढी खबरदारी आमच्या दांपत्याने (तेव्हा ते दांपत्य व्हायचे होते) घेतली. प्रतिपक्षाचा मक्ता मिळताच दोघे तीन दिवस खोलीत कोंडून बसले आणि सिंक्लेअर यांनी लिहिलेले सर्व काही त्यांनी वाचून काढले. कोणत्याही लेखकाला इतके एकाग्र वाचक मिळणे हे भाग्यच म्हणायचे. मग ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर रोज एका चौकटीत सिंक्लेअर यांचे एकेक ‘मत’ झळकू लागले: आज विवाहसंस्थेविषयी, उद्या धर्माविषयी, परवा आणखी कशाविषयी. त्यांतील कित्येक वाक्ये त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडची होती. आपल्याकडे एखाद्याने तळीरामाचे बोल उचलून ते राम गणेश गडकरी यांचे मद्यविषयक धोरण म्हणून छापावेत, आणि गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ कशासाठी लिहिले हे सांगत गावोगाव हिंडावे, तसलाच हा प्रकार. सिंक्लेअर पडले. पुष्कळ वर्षांनी बॅक्स्टरबाईंनी मोकळेपणाने कबूल केले, की ती अवतरणे गैरलागू होती, पण त्यांना निवडून येऊ न देणे एवढाच आमचा उद्देश होता. हा मोकळेपणा मला लोभस वाटतो. आजचे मसलतगार एवढ्यावर एक परिसंवाद भरवतील.

या धंद्याची सूत्रेही व्हिटेकर यांनी चारचौघांत बोलून दाखवली होती. सामान्य नागरिकाला ज्ञान नको असते, मनाची मशागत नको असते. त्याला करमणूक हवी असते, आणि त्याहून अधिक त्याला मारामारी पाहायला आवडते. तेव्हा जमेल तर कुस्ती लावा, न जमेल तर तमाशा उभा करा. समजावून सांगण्याच्या भरीस पडू नका, कारण जितके समजावून सांगावे लागेल तितकी मते उतरत जातात. आमच्या तालुक्यातील एक आमदार हेच सूत्र एकही पुस्तक न वाचता चाळीस वर्षे आचरीत आले. परंतु त्यांनी त्याचे कधी मोल घेतले नाही, हा फरक उरतोच.

१९४२ साली या पेढीने अर्ल वॉरन यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचाराची धुरा वाहिली. मतभेद होऊन वॉरन यांनी त्यांना ऐन निवडणुकीच्या तोंडावर निरोप दिला, निवडणूक मात्र जिंकली. तीनच वर्षांनी, १९४५ साली, वॉरन यांनी राज्यातील जनतेसाठी सक्तीच्या आरोग्यविम्याची योजना मांडली, तेव्हा कॅलिफोर्नियातील डॉक्टरांच्या संघटनेने ती पाडण्याचे काम कोणाला दिले असेल हे वाचकांनी एव्हाना ओळखलेच असेल. राज्यभरातील लहान वृत्तपत्रांना आयते अग्रलेख पोहोचू लागले, जाहिरातींचा पाऊस पडू लागला (त्या जाहिरातींवरील अडतही पेढीच्याच जाहिरात संस्थेकडे जमा होत असे), आणि विधेयक एका मताने गडगडले. या यशाचा बोलबाला असा झाला, की अध्यक्ष ट्रूमन यांनी तीच कल्पना साऱ्या राष्ट्रासाठी मांडली असता ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ने वर्षाला एक लाख डॉलरांवर याच दांपत्याची तैनात ठेवली आणि खर्चाच्या भरपाईसाठी प्रत्येक सभासद डॉक्टरावर २५ डॉलरांची पट्टी बसवली. प्रचारासाठी त्यांनी निवडले ते ल्यूक फाइल्ड्स या इंग्रज चित्रकाराचे १८९१ सालचे ‘डॉक्टर’ हे चित्र: एका मजुराच्या झोपडीत दोन खुर्च्या जोडून त्यांवर निजवलेले आजारी मूल, त्याच्याकडे एकटक पाहत बसलेला वैद्य, मागे काळोखात उभा हताश बाप आणि टेबलावर डोके टेकलेली आई. या चित्रात राजकारण येऊ देऊ नका, असा मथळा देऊन त्याच्या सहस्रावधी प्रती दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत टांगण्यात आल्या. त्या झोपडीतल्या बापाने डॉक्टरचे देणे कोठून दिले असते, हा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेरचा असल्यामुळे तो कोणी विचारला नाही. ट्रूमन यांची योजना बारगळली. आणि ज्या राष्ट्राने चंद्रावर माणूस उतरवला त्या राष्ट्रात रुग्णालयाचे देयक पाहून माणूस पुन्हा आजारी पडण्याची प्रथा अद्याप अबाधित आहे.

आता आपण अर्धशतक ओलांडून २००८ सालात येऊ. येथवर उमेदवार आणि कंपन्या एकामागून एक येत होत्या; यापुढे त्या एकाच वेळी येतात, आणि हीच प्रगती होय. हिलरी क्लिंटन डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत असताना त्यांचे मुख्य मसलतगार होते मार्क पेन, आणि हेच पेन ‘बर्सन-मार्स्टेलर’ या जागतिक जनसंपर्क पेढीचे मुख्य कारभारीही होते. राजीनामा देऊन नव्हे, रजा काढूनही नव्हे. दोन्ही गाद्यांवर एकाच वेळी, एकेका मांडीवर. ही पेढी कोणती, हे भारतीय वाचकाला निराळे सांगावे लागू नये: १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची माणसे झोपेतच मेली, त्यानंतर युनियन कार्बाइड कंपनीची बाजू जगापुढे मांडण्याचे काम या पेढीने पत्करले होते. कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनी २००७ साली क्लिंटनबाईंकडे तक्रार केली, की ज्या पेढीचा प्रमुख तुमच्या कानाशी बसतो तीच पेढी संघटनांना तोंड कसे द्यावे याचे सल्ले कारखानदारांना विकते. उत्तर आले, की त्या कामाशी पेनसाहेबांचा वैयक्तिक संबंध नाही. बुवांनीही हेच सांगितले असते: परसातून कोण आले, ते पुढच्या ओसरीवरून दिसत नाही.

त्यातच कोलंबियाचे प्रकरण उपस्थित झाले. त्या देशाला अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार हवा होता आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी त्याच्या सरकारने या पेढीला वर्षाला तीन लाख डॉलरांवर नेमले होते. क्लिंटनबाई त्याच कराराविरुद्ध पेन्सिल्व्हेनियाच्या कामगारांपुढे कंठशोष करीत होत्या. अशा मुहूर्तावर, ३१ मार्च २००८ रोजी, पेनसाहेब कोलंबियाच्या राजदूतांना भेटले. वृत्तपत्राने ही भेट उजेडात आणताच त्यांनी आपल्या हातून निर्णयाची चूक झाल्याचे सांगून माफी मागितली. तेव्हा कोलंबिया सरकारने, आम्हांला भेटणे ही जर चूक असेल तर तो आमच्या राष्ट्राचा अवमान आहे, असे म्हणून ५ एप्रिल रोजी पेढीचा करार रद्द केला, आणि ६ एप्रिल रोजी पेनसाहेब मुख्य मसलतगाराच्या पदावरून पायउतार झाले. लागोपाठच्या दोन दिवसांत वादी आणि प्रतिवादी या दोघांनीही वकील बदलल्याचे उदाहरण कोणत्याही दफ्तरात विरळाच. अर्थात पायउतार म्हणजे पदावरून. मतदारांचा कौल अजमावणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या पेढीचे काम आणि त्याचे देयक चालूच राहिले.

या सर्व काळात एक तोंडी लावणे म्हणून प्रतिस्पर्धी रिपब्लिकन छावणीतही डोकावून पाहावे. तेथे जॉन मॅकेन यांचे ज्येष्ठ सल्लागार चार्ली ब्लॅक हे ‘बीकेएसएच’ नामक, कायदेमंडळात ग्राहकांसाठी रदबदली करणाऱ्या पेढीचे अध्यक्ष होते. ही बीकेएसएच कोणाची? तर बर्सन-मार्स्टेलरची. मॅकेन ज्या बसमधून प्रचार करीत तिचे नाव ‘सरळ बोल’ अशा अर्थाचे होते, आणि त्याच बसमध्ये बसून आपण दूरध्वनीवर ग्राहकांची कामे उरकत असतो, असे ब्लॅक यांनी वृत्तपत्राला सरळच सांगून टाकले होते. मार्च महिन्यात त्यांनी पेढीतून निवृत्ती घेतली. पण त्यापूर्वीचे काही महिने असे होते, की एका पक्षाच्या प्रबळ उमेदवाराचा मुख्य मंत्री आणि दुसऱ्या पक्षाच्या प्रबळ उमेदवाराचा ज्येष्ठ मंत्री हे दोघेही, त्यांच्या पेढ्यांच्या मालकीची साखळी धरत गेल्यास, लंडनच्या ‘डब्ल्यूपीपी’ या एकाच कंपनीच्या उंबरठ्याशी येऊन पोहोचत. यात कोणी कायदा मोडला असे कोणीही म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. कायदा मोडावा लागला असता, तर निदान कोणाला तरी तसदी पडली असती.

आमच्याकडे ही विद्या उशिरा आली. तिचे सर्वांत प्रख्यात आचार्य प्रशांत किशोर यांनी २०१४ साली नरेंद्र मोदी यांचा आणि २०१५ साली बिहारात त्यांच्याच विरोधात नितीशकुमार यांचा प्रचार तडीस नेला. २०२५ साली मात्र त्यांनी आपले औषध आपल्याच पक्षाला पाजले आणि बिहारात एकही जागा आली नाही. याहून अधिक लिहीत नाही. परक्याच्या अंगणाविषयी लिहिणे या वयात प्रकृतीला अधिक मानवते.

तर पुन्हा परक्याच्या अंगणात. क्लिंटनबाई हरल्या, पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या, जगभर तह करीत हिंडल्या. परंतु २००८ च्या प्रचाराची देणी काही फिटेनात, आणि त्यांतली मुख्य बाकी पेनसाहेबांच्या त्या कौल अजमावणाऱ्या पेढीचीच होती. जिंकण्याचा सल्ला देणाऱ्याने हरलेल्याकडे तगादा लावावा की नाही, हा नीतिशास्त्राचा प्रश्न असेल, जमाखर्चाचा नव्हे. अखेर २०१० साली पती बिल क्लिंटन पुढे सरसावले. दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेल्या या गृहस्थांनी समर्थकांना पत्र धाडले, की थोडीशी वर्गणी पाठवा. पाठवणाऱ्यांतून सोडत काढू, आणि ज्याचे नाव निघेल त्याने न्यूयॉर्कला येऊन माझ्या सहवासात एक दिवस घालवावा. आमच्या जत्रेतल्या सोडतीला सायकल असे, एखाद्या वर्षी शिवणयंत्र असे. जोशीबुवांच्या सव्वा रुपयापायी मात्र कोणा यजमानाला स्वतःला सोडतीत लावावे लागल्याचे स्मरत नाही. हात फारच आखडला असेल, तर नारळ तेवढा उधार राहत असे.