शिस्तबद्ध सभागृह

महापालिकेच्या सभेत भाषा घसरते, मानदंड पळवला जातो, म्हणून हळहळणाऱ्यांना एक आदर्श सभागृह दाखवायला हवे. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि प्रशासक आले. पुढच्या वर्षी 52,619 कोटींचा अर्थसंकल्प आयुक्तांकडून प्रशासकांकडे गेला. दोन्ही पदांवर व्यक्ती एकच, त्यामुळे कुणी कुणाला अरे-तुरे केले नाही, सभात्यागही झाला नाही. इतकी सभ्यता पाहून कुणाच्याही अंगावर काटा यावा!

यावर कुणी म्हणेल, मग शिव्यांनी नळाला पाणी येते का? मुळीच नाही. उलट माईक ओढण्यात तास गेला की विषयपत्रिकेवरचे उरलेले प्रस्ताव ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पाच मिनिटांत पार होतात. ज्यांना ते पार करायचे असतात, त्यांना हा गोंधळ पथ्यावरच पडतो. आणि हेही खरे, की आमदाराला सभागृहातल्या बोलण्यासाठी राज्यघटनेच्या 194व्या कलमाचे कवच असते. नगरसेवकाला तसे नाही. ‘चोर’ म्हटले तर अब्रूनुकसानीचा दावा दाखल होऊ शकतो. म्हणून जपून बोलावेच, पण ते असे: निविदा कोणती, दर किती, काम कुठे थांबले. ‘माननीय’ लावून विचारलेल्या या तीन प्रश्नांना सत्ताधारी शिवीपेक्षा जास्त घाबरतात. आपल्या नगरसेवकाने ते शेवटचे कधी विचारले, हे सभेचे इतिवृत्त मागवून एकदा पाहाच.