पंच कमी, पळापळ फार

पुण्या-मुंबईच्या छोट्या हॉलांतला नवा स्टँडअपवाला हल्ली स्टेजवर चालत येत नाही, उडी मारून येतो. ‘आवाज येतोय का, पुणेऽऽ?’ आवाज बाहेर रिक्षास्टँडपर्यंत पोचलेला असतो. मग माईकचा स्टँड उजवीकडून डावीकडे, डावीकडून परत उजवीकडे. पहिल्या रांगेत कुणाला तरी ‘दादा, काय करता?’ दादा ‘आयटी’ म्हणतात आणि हा स्वतःच्याच मांडीवर थाप मारून कमरेत दुमडतो. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो. एवढा घाम गाळल्यावर न हसणं माणुसकीला धरून नाही, म्हणून लोक हसतात.

विनोद नसतात असं नाही. पण पंच येईपर्यंत हा दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो आणि शेवटचे दोन शब्द धापेत जातात.

लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या नाटकात एकट्यानं 52 पात्रं उभी करायचे. आवाज बदलला, मान कलली की माणूस बदलला. अर्थात, त्यांना रील कापायचं नव्हतं. इथे ओपन माईकला मोजकी मिनिटं मिळतात आणि मोबाईलवर आवाज बंद ठेवून स्क्रोल करणाऱ्याचा अंगठा थांबवायचा, तर हातपाय हलवणं आलंच.

पोरगं गुणी आहे, शंकाच नाही. आयोजकांनी पुढच्या शोला त्याला फक्त एक खुर्ची द्यावी, आणि बसायला सांगावं.