तिसरं अंजीर

आमच्या घरात सुकं अंजीर हा खाण्याचा पदार्थ नाही, ते औषध आहे. त्याची बरणी डाळ-साखरेच्या फडताळात नसते. ती ईसबगोल आणि त्रिफळा चूर्णाच्या शेजारी असते आणि तिचा ताबा नानांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे असतो. रात्रीची जेवणं आटोपली की ते माणशी दोन अंजिरं वाटीत भिजत घालतात, वर ताटली ठेवतात आणि सकाळी आम्ही अंजीर खाऊन वाटीतलं पाणीही प्यायलो की नाही याची खातरजमा करतात. दोनच का, हे विचारायची घरात पद्धत नाही. कुणी तिसरं मागितलं तर नाना चष्म्यावरून बघतात आणि काळजीनं म्हणतात, "इतका त्रास होतोय का?"

आता अशा वातावरणात "मला आवडतं म्हणून" हे उत्तर देणं अवघड असतं.

अंजिराची ही बदनामी केवळ आमच्याच घरची नाही. इंग्लंडमधल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना बाटलीतलं 'सिरप ऑफ फिग्ज' चमच्यानं पाजलं गेलं. गंमत अशी की त्या बाटलीत खरं काम करायची सोनामुखी. अंजीर गोडव्यापुरतं आणि नावापुरतं. म्हणजे राबायचं एकानं आणि आळ दुसऱ्यावर. इतकं होऊनही अंजिरानं कधी खुलासा केलेला नाही.

त्याची दुसरी नोकरी दिवाळीतली. काजू, बदाम, बेदाणे आणि अंजीर असे चार कप्पे असलेला खोका येतो. काजूचा कप्पा पाहुणा जिना उतरायच्या आत रिकामा होतो. अंजिरं मात्र लक्ष्मीपूजनापासून तुळशीच्या लग्नापर्यंत जशीच्या तशी. दोरीत ओवलेली अफगाणी माळ असेल तर किलोला हजाराच्या वर मोजलेले असतात, त्यामुळे टाकवत नाही. औषध असल्यामुळे भसाभसा खाववतही नाही. इटलीत सुक्या अंजिरांवर लग्न उरकणं म्हणजे शुद्ध कंजूषपणा समजतात, तशी म्हणच आहे त्यांच्याकडे. आमच्या नात्यातल्या एका लग्नात पत्रिकेबरोबर अंजिराचा डबा आला, तेव्हा अख्ख्या आळीनं मुलीच्या वडिलांची मिळकत मोजली होती.

बरं, आम्ही राहतो पुण्यात. दिवे घाट चढला की अंजिराचाच मुलूख लागतो. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. खट्टा बहार, मीठा बहार ही नावं सासवडच्या रस्त्यावर पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडून ऐकावीत. पण ते अंजीर ताजं खायचं. पातळ सालीचं, पाणीदार, आज घेतलं तर उद्या मऊ आणि परवा आंबूस. तुर्कस्तानात आयदिनच्या बागांत फळ झाडावरच सुरकुततं, आपलं आपण गळून पडतं, मग त्याला ऊन दाखवतात. आपल्याकडे फळ झाडावर सुकेपर्यंत थांबायला ना पक्षी तयार, ना व्यापारी. म्हणून पुरंदरच्या कुशीत राहून आम्ही कंदाहारचं अंजीर भिजत घालतो.

तर मी ठरवलं की अंजिराला चुलीवर आणायचं. सुरुवात आमटीपासून केली. चिंच-गुळाच्या आमटीत गुळाऐवजी भिजवलेल्या अंजिराचा वाटलेला गोळा. चव, मी स्वतः सांगते म्हणून नव्हे, पण चिंचेशी फार छान जुळते. गुळाचा गोडवा सरळ अंगावर येतो, अंजिराचा जरा मागून येतो. नानांनी पहिला भुरका मारला आणि ते थांबले. मग त्यांनी जबडा अगदी हळू हलवला.

"डाळ निवडली होती ना?"

मराठी घरात सुनेला याहून गंभीर प्रश्न विचारता येत नाही. अंजिराच्या बिया मिक्सरला दाद देत नाहीत. दाताखाली त्या बारीक कच लागल्यासारख्या करकरतात. मी म्हटलं, "नाना, ते अंजीर आहे." यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यापेक्षा खडे परवडले असते. आमटीत औषध कालवलंय असं त्यांना वाटलं असणार.

तेवढ्यावर भागलं असतं, पण जेवायला माझा भाचा होता आणि तो वनस्पतीशास्त्र शिकतो. शिकणारं माणूस जेवणाच्या पंगतीला धोक्याचंच. तो म्हणाला, "मामी, अंजीर म्हणजे फळ नाहीच मुळी. उंबरासारखं. फुलं सगळी आतल्या बाजूला." इथवर ठीक होतं. "आणि तुर्की अंजिरात परागकण न्यायला एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते. बाहेर नाही येता येत तिला. आतच मरते." मग त्यानं कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगितली. तिथल्या बागायतदारांनी तुर्कस्तानातून झाडं नेली, झाडं वाढली, पण फळ धरेना. ती माशी तिकडे नेऊन 1899 मध्ये रुजवली तेव्हा कुठं अंजिरं लागली. उंबर फोडून केंबरं काढणं ही म्हण मी आजवर माणसांच्या बाबतीतच वापरली होती. आमटीत घातलेल्या अंजिरांच्या डब्यावर तुर्कस्तान छापलेलं होतं, ते नानांनी आधीच वाचलं होतं. माशीचं अंग फळातल्या पाचक रसात विरून जातं, दाताला लागतं ते बीच असतं, आणि पुरंदरच्या झाडांना तर माशी लागतच नाही, हे भाच्यानं पुढे सांगितलं. पण तोवर नानांनी ताक-भात कालवला होता. शेजारच्या जैन काकूंना यातलं काहीच नवं नव्हतं. त्यांच्याकडे वड, पिंपळ, उंबर, अंजीर ही सगळी भावकीच पूर्वापार वर्ज्य.

बियांवर एक उपाय मात्र सापडला. त्यांना लपवायचं नाही, त्यांच्यासारख्याच करकरणाऱ्यांत सोडायचं. गुळपोळीच्या सारणात तीळ आणि खसखस असतेच, त्यात थोड्या गुळाच्या जागी अंजीर घातलं तर बी कुठलं आणि खसखस कुठली, हे भाचासुद्धा सांगू शकत नाही. सारण जरा ओलसर होतं, म्हणून बेसन खमंग भाजून थोडं जास्त घालायचं. संक्रांतीला नानांनी तीन पोळ्या खाल्ल्या. मी काही बोलले नाही.

दुधाचं मात्र सांभाळून. उकळत्या दुधात अंजिराचे तुकडे टाकले तर ते कधी कधी फाटतं. ताज्या अंजिराचा चीक तर या कामात पटाईत. त्यानं दूध थिजतं ही गोष्ट होमरच्या इलियडमध्येसुद्धा उपमेला आली आहे. अंजीर वेगळं भिजवून वाटावं आणि गार दुधात घालावं, एवढं केलं तर मिल्कशेक बिनघोर होतो. बर्फीबद्दल मी बोलणार नाही. फक्त 'शुगर फ्री' असं लिहून विकल्या जाणाऱ्या अंजीर बर्फीबद्दल बोलते. सुक्या अंजिराच्या 100 ग्रॅममध्ये अदमासे 48 ग्रॅम साखर असते. ती हलवायानं घातलेली नसते, झाडानं घातलेली असते, एवढाच काय तो फरक. मधुमेही मंडळी ती बर्फी ज्या निर्धास्तपणे उचलतात, ते बघून मला त्या झाडाचं कौतुक वाटतं.

मग मला व्हिएन्नाच्या कॉफीचा शोध लागला. ऑस्ट्रियात एकोणिसाव्या शतकापासून सुकी अंजिरं भाजून, दळून कॉफीत मिसळतात. आपल्याकडे दक्षिणेत चिकोरी घालतात तसंच, पण याला रंगाबरोबर किंचित जळक्या साखरेचा वास असतो. कृती सोपी, संयम जास्त. अंजिराचे बारीक तुकडे करायचे, मंद ओव्हनमध्ये काळपट होऊन कडकडीत वाळेपर्यंत ठेवायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मगच दळायचे. जरा ओल राहिली की मिक्सरच्या पात्यांना डिंक. शिवाय पूड हवा लागताच गोळा होते, म्हणून घट्ट झाकणाची बाटली. चार चमचे कॉफीला एक चमचा पूड पुरते.

नानांसमोर कप ठेवला तेव्हा मी "व्हिएन्नाची कॉफी" एवढंच म्हटलं. त्यांनी वास घेतला. "जायफळ घातलंस?" नव्हतं घातलं. त्यांनी उठून स्वतः किसून घातलं, घोट घेतला आणि पेपर उघडला. आमच्याकडे याला प्रशस्तिपत्र म्हणतात.

दुसऱ्या दिवशी नाना बागेतल्या कट्ट्यावरून एकटे आले नाहीत. सगळी मित्रमंडळी स्वेटर आणि कानटोप्यांसकट दिवाणखान्यात बसली. "व्हिएन्नाची," नानांनी त्यांना बजावलं, जणू तिथं त्यांचा मळा होता. मी कॉफी केली, जायफळासकट. सगळ्यांनी कप संपवले आणि विषय निवृत्तिवेतनाकडे वळला. निघताना त्यांच्यातले सर्वांत वयस्कर आजोबा दारात थांबले, चपला चाचपत मला म्हणाले, "सूनबाई, छान झाली होती. पुढच्या वेळी फक्त त्यातली कॉफी वगळ. मला ॲसिडिटी होते."