घोडाताई

परीक्षा संपल्या की पुण्यातल्या आईबापांपुढे मे महिना आ वासून उभा राहतो. पोहणं, चित्रकला, वैदिक गणित हे सगळं करून झालेल्या घरात मग घोड्यांच्या शिबिराची टूम निघते. शहरातल्या इमारती संपून ‘लवकरच इमारती’ अशा पाट्या जिथे सुरू होतात, तिथे एखादी पागा असते. मुलांना सकाळी साडेसहाला सोडायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत न्यायचं. फी ऐकून वडील आवंढा गिळतात, पण घोडेस्वारी आपल्या रक्तातच आहे असं म्हणून पैसे भरतात. ही रक्तातली घोडेस्वारी यापूर्वी एकदाच, माथेरानला दिसलेली असते. तीही घोडेवाला लगाम धरून पुढे चालत असताना.

फाटकापाशी हजेरीचा कागद घेऊन जी उभी असते, ती घोडाताई.

वय विशीच्या आसपास, शिक्षण कॉमर्सचं किंवा कशाचंही. पायात गुडघ्यापर्यंत बूट, केसांत गवताची काडी, खिशात गाजर. पगार शून्य. मुलं गेल्यावर तासभर फुकट रपेट मारायला मिळते, तेवढ्यावर ती पहाटे पाचला उठून येते, लीद भरते, बादल्या वाहते. पाणी पिण्यात घोडा हात आखडता घेत नाही. उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज रिचवतो. शिबिर मुलांसाठी असतं, हा समज पालकांचा. घोडाताई घोड्यांसाठी येते. मुलं येतात म्हणून पागा चालते आणि पागा चालते म्हणून घोडे दिसतात, एवढा हिशेब पटल्यामुळे ती मुलांना चालवून घेते.

चुलतभावंडांची नावं तिला सांगता येत नाहीत. पण पन्नास पावलांवरून दोन कुम्मैत घोड्यांतला कुठला कोण हे ती कानांवरून ओळखते. नात्यातल्या लग्नात तर तिला नेऊच नये. वरात दारात आलेली, बँड टिपेला पोहोचलेला, करवल्या आरती घेऊन ताटकळलेल्या, आणि ही खाली वाकून घोड्याचा खूर उचलून बघते आहे. “तंग किती आवळलाय हा!” असं घोडेवाल्याला दरडावते. वर बसलेला नवरदेव मुंडावळ्यांतून घाबरून खाली बघतो. तो नात्याने तिचा सख्खा मामेभाऊ असतो. पण त्याची चौकशी तिला तंग सैल झाल्यावर सुचते.

“यात पुढे काय?” हा प्रश्न आत्या विचारतेच. त्यावर घोडाताईकडे महाभारताचा दाखला तयार असतो. नकुलासारखा देखणा राजपुत्र विराटाच्या पागेत ग्रंथिक या नावाने वर्षभर घोडे सांभाळत होता की नाही? आत्याही कच्च्या गुरूची चेली नसते. “अगं, त्याचा अज्ञातवास होता तो. वर्ष संपल्यावर सुटला बिचारा. तुझं टीवाय कधी सुटणार?”

पहिल्या दिवशी कुणालाही घोड्यावर बसवत नाहीत. पालक कुरकुरतात, पैसे बसण्याचे भरलेले असतात. मुलांच्या हाती आधी खरारा येतो. मग शिकवणी सुरू होते. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. चढायचं डावीकडून, कारण तलवार डाव्या कमरेला लटकायची. आता तलवार नाही, तरी डावीकडूनच. गाजर द्यायचं ते सपाट तळहातावर, अंगठा चिकटवून. आणि डब्यातलं काहीही भरवायचं नाही, कारण घोड्याला उलटी करता येत नाही.

“मग त्याला घाटात गाडी लागली तर?” पहिलीतला एक जण विचारतो. घोडाताई गप्प होते. हा प्रश्न तिच्या कुठल्याच पुस्तकात नसतो.

प्रत्येकाला पांढराच घोडा हवा असतो. तेव्हा ती समजावते की हा जन्मला तेव्हा काळसर होता, वयाबरोबर पांढरा होत गेला. “आमचे बाबापण,” एक मुलगी सांगते. पागेतला सगळ्यात म्हातारा घोडा शर्यतीतून निवृत्त झालेला. शर्यतीच्या घोड्यांचा कागदोपत्री वाढदिवस एक जानेवारीला, मग जन्म कधीचाही असो. मुलांना हे विचित्र वाटतं. न्यायला आलेल्या आजोबांना वाटत नाही. हेडमास्तरांच्या कृपेने त्यांची अख्खी पिढी एक जूनला जन्मली आहे.

पागेचा खरा कारभार चाचांकडे. चाचा म्हणजे मोतद्दार, मिसरूड फुटायच्या आधीपासून घोड्यांत. घोडी आज उदास का, यावर घोडाताई रात्रभर व्हिडिओ पाहून येते. जागा बदलल्याचा ताण, जोडीदाराचा विरह, असं बरंच काही सकाळी चाचांना ऐकवते. चाचा शांतपणे ऐकून घेतात, तोबरा बांधतात. घोडी खायला लागते. “भूख लगी थी, बेटा.”

पण मुलं सांभाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. बालमानसशास्त्राचं पानही न उलटता ती घोड्यांचे नियम जसेच्या तसे मुलांना लावते. रडणाऱ्या मुलाकडे समोरून चालून जात नाही. बाजूने, काहीतरी पुटपुटत जाते, मानेवर थोपटते. बुजऱ्या मुलाला वर्गातल्या सगळ्यात थंड मुलीशेजारी उभं करते, कारण बुजरं शिंगरू म्हाताऱ्या घोडीजवळ निवतं. मारामारी करणाऱ्या दोघांत ‘एका घोड्याचं अंतर’ ठेवते. “हा आज कान पाडून आलाय,” असं एखाद्याबद्दल सकाळीच सांगते आणि तो तासाभरात खरोखर कुणाला तरी चावतो. शाबासकी जागच्या जागी, रागावणं एका शब्दात, आणि दमायच्या आत धडा बंद. जी मुलं घरी तीनदा हाक मारल्याशिवाय हलत नाहीत, ती इथे तिने जीभ टाळ्याला लावून नुसता ‘टॉक्’ केला की दुडक्या चालीने येतात. आयांना हे बघवत नाही. काही जणी घरी जाऊन तो आवाज काढून बघतात. नवरा वळून बघतो, मुलं नाहीत.

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक. मुलं टोप्या घालून, पाय रिकिबीत रोवून, पाठ ताठ ठेवून गोल फिरत असतात. कुंपणाबाहेर थांबा असं पालकांना दोनदा सांगून झालेलं असतं. तरी एक वडील मोबाइल उंच धरून आत शिरतात आणि चिरंजीवांचा फोटो साधायला मागे मागे सरकत थेट दुसऱ्या घोड्याच्या शेपटीमागे जाऊन पोहोचतात. घोड्याचे कान मागे पडतात.

घोडाताई ओरडत नाही. डाव्या बाजूने, त्यांच्या खांद्याच्या रेषेत येते. “हो... हो... काका, उभं राहायचं. शाब्बास.” चाळिशीच्या माणसाला एरवी हे ‘काका’ झोंबलं असतं. आता ते निमूट थांबतात. कोपराला धरून ती त्यांना हळूहळू वळवते, कुंपणाबाहेर काढते, मानेवर दोन थापट्या मारते आणि सवयीने खिशातलं गाजर सपाट तळहातावर त्यांच्यापुढे धरते.

ते खातात.